पोकळ होकार

चार चाकं होती, करंगळीच्या नखाएवढी, शून्य ते नऊ आकडे कोरलेली — आणि आज कुणीतरी ती आठ-दोन-दोन-पाच अशी तशीच सोडून निघून गेलं होतं, म्हणजे पेटी बंद पण आकडा जगजाहीर, येणाऱ्याजाणाऱ्या कुणीही झाकण ओढावं आणि आतली वरच्या घराची किल्ली काढून घ्यावी. साबणाच्या वडीएवढी ती काळी पेटी रस्त्याकडच्या दाराशेजारी, तिच्या स्वतःच्या बेलच्या बरोबर खाली ठोकलेली. सहा बिऱ्हाडं, सहा बेल, पण वरच्या ताईच्या जावईबापूंना जागा सापडली ती नेमकी इथे! तिने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली, आतली जाड वही बरगडीला टोचली, आणि अंगठ्याने तिने एकेक चाक फिरवून शून्यावर आणलं. रोज आणते. ज्यांच्याविरुद्ध आज अडीच वाजता कोर्टात शपथेवर उभं राहायचंय, त्यांच्या घराची राखण रोज सकाळी मीच करते, बिनपगारी. कुणी सांगितलंय मला? कुणी नाही. पण आकडा असा उघडा दिसला की पुढे पाऊलच पडत नाही, आणि मग दिवसभर स्वतःचाच राग येत राहतो.

वरच्या मजल्यावरचं घर. त्याला घर म्हणणं तिने दोन वर्षांपूर्वीच सोडलं — तिथे कुणी राहत नाही, तिथे लोक उतरतात. दोन रात्री, तीन रात्री, क्वचित आठवडाभर. येतात, चाकांच्या बॅगा जिन्यावरून धडाधड ओढतात, पेटी उघडली नाही की वरच्या बटणावर बोट ठेवतात, आणि वरचं बटण म्हणजे आमचं. पहाटे साडेपाचला. सुट्टीच्या दुपारी जरा पाठ टेकावी तेव्हा. माफ करा हं, आकडा लागत नाहीये. वाय-फाय कसं लावायचं? टॉवेल कुठे ठेवलेत तुम्ही? मी! टॉवेल! एक गृहस्थ तर जाताना तिचा हात हातात घेऊन म्हणाले होते, की तुमचं घर फार प्रसन्न आहे, आम्ही पुन्हा येऊ. तिने दार लावून घेतलं होतं आणि वहीत लिहिलं होतं — सकाळी सात पाच, बेल, तीन मिनिटं.

वही वकीलबाईंनी सांगितली म्हणून. "नोंद ठेवा," त्या म्हणाल्या होत्या, "तारीख, वेळ, कसला आवाज, किती वेळ. नोंद नसेल तर कोर्टात तुम्ही नुसत्या चिडक्या बाई. शंभर झाल्या की या." तिने पट्टीने रकाने आखले, अक्षर चांगलं काढलं, आणि शंभर झाल्यावर थांबणं तिला जमलं नाही. आज दोनशे चौदा आहेत. बॅगांची चाकं, टाचा, खुर्च्या सरकवणं, दार आपटणं, कुणाचं तरी हसणं — हसण्याच्या किती नोंदी आहेत त्या मोजायचा तिला धीर होत नाही. "तू आता आवाज होण्याची वाट बघत बसतेस," नवरा आजच चहा पिताना म्हणाला, वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता.

"अहो, तुम्हाला ऐकू येत नाही का?"

"येतं की."

"मग?"

"मग काय? येतं, आणि जातं."

काय बोलायचं या माणसाशी! त्याचे कान तिने गेल्या वर्षी स्वतः तपासले होते, हौसेने, काहीतरी दोष निघेल म्हणून. एकही दोष निघाला नाही. साठीचा माणूस आणि कान विशीच्या पोराचे. म्हणजे ऐकू सगळं येतं, आत फक्त काही पोचत नाही, आणि त्यावर तपासणी नाही.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली, पण वही मांडीवर घेतल्यावर मन काही रस्त्यावर राहिना. पालिकेची तिसरी खिडकी आठवली — तिथला तो कारकून, पेनाचं टोपण दातात धरून बोलणारा. "हे आमच्याकडे येत नाही, बाई. नियम व्हायचाय." कधी व्हायचाय? "मसुदा विचाराधीन आहे." तीन वर्षं विचाराधीन! समितीचं घोडं अडलंय ते म्हणे एकाच ठिकाणी — माणूस किती रात्री राहिला की पाहुण्याचा भाडेकरू होतो. चौदा महिने ते लोक यावर बसलेत. माझ्याकडे या म्हणावं, मी पहिल्याच पहाटे सांगते कोण पाहुणा आणि कोण भाडेकरू. "नियम होत नाही तोवर हे शेजाऱ्याशेजाऱ्यांचं भांडण," कारकून म्हणाला, "कोर्टात जा." कोर्टात गेली, तर तिथला बाबू म्हणतो, पालिका नियम करतेय ना, तिकडे विचारा की एकदा. दोन्हीकडे माणसं वाईट नव्हती. दोन्हीकडे बसायला खुर्ची दिली. आणि दोघांनीही इतक्या अदबीने हात झटकले की जिना उतरून रस्त्यावर येईपर्यंत तिला कळलंच नव्हतं, की आपल्याला हाकललंय.

दवाखान्याच्या तळमजल्यावर, लांब बोळाच्या टोकाला, तिची खोली. आणि खोलीत ती केबिन — जाड दाराची, आतून सगळीकडे करडा स्पंज लावलेली, एका बाजूला काच. आत रोग्याची खुर्ची. बाहेर तिचं टेबल आणि यंत्र. एकतीस वर्षं ती हेच करते आहे. रोग्याच्या कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं, सांगायचं, की आवाज कितीही बारीक आला तरी दाबा. मग काचेबाहेर बसून एकेक सूर सोडायचा, हलका, त्याहून हलका, आणि बटण दाबलं की लागतो तो यंत्रावरचा हिरवा दिवा पेटतो का ते बघायचं. तिने कोट चढवला. पांढरा, गुडघ्यापर्यंतचा, मोठ्या खिशांचा — ताईने शिवलेला, सात-आठ वर्षांपूर्वी. "तुमच्या दवाखान्यातले कोट म्हणजे पोतं," असं म्हणून ताईने जिन्यातच तिची मापं घेतली होती. वरच्या घराची मालकीण ती. तेव्हा तिथे राहायची, एकटी. पायमशीन खिडकीशी, आणि रोज संध्याकाळी सहाला बसायची ती आठपर्यंत. एकोणीस वर्षं तो आवाज डोक्यावर होता. कुणी विचारलं असतं, वर आवाज होतो का हो, तर मी नाही म्हणाले असते — आणि शपथेवर म्हणाले असते. मग ताईचा गुडघा गेला, तीन मजले होईनात, लेकीने तिला आपल्याकडे नेलं आणि जावयाने पेटी ठोकली. भांडण जावयाशी झालं, पण घर ताईच्या नावावर, त्यामुळे दाव्यावर नाव ताईचं. "तसंच असतं," वकीलबाई म्हणाल्या होत्या.

पहिला रोगी म्हातारा होता, आयुष्य लोखंड जोडण्यात गेलेला, हातावर भाजल्याच्या खुणा. भला माणूस. खुर्चीत ताठ बसला, डोळे मिटून, अंगठा बटणावर, आणि तिने सूर सोडायच्या आतच दिवा लागला. पुन्हा लागला. तिने हात यंत्रापासून मुद्दाम दूर ठेवला आणि काचेतून बघत राहिली — दिवा लागला, विझला, लागला. पोकळ होकार. हा शब्द तिचा स्वतःचा. कागदावर त्यासाठी कडेला एक छोटी फुली असते. खोटं बोलणारे नसतात हे लोक. उलट फार मन लावून ऐकणारे असतात. एखादा सूर निसटेल या भीतीने इतके टपून बसतात, की कान आपला आपणच आवाज तयार करतो आणि माणूस इमानदारीत बटण दाबतो. तिला शिकवणारे डॉक्टर सांगायचे, तीनपर्यंत ठीक, चौथी फुली आली की कागद फाडायचा. नवा घ्यायचा. कारण मग कुठला होकार खरा आणि कुठला पोकळ हे तुलाही सांगता येत नाही आणि त्यालाही. तिने केबिनचं दार उघडलं, म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि रोज म्हणते तेच म्हणाली. "घाई करू नका. थांबा. आवाज आला नाही तरी चालेल." म्हातारा ओशाळून हसला. तिने कागद फाडला.

अकराच्या सुट्टीत तिने पाकीट उघडलं. ताईच्या वकिलाने कोर्टात दिलेली यादी, तिची नक्कल — काल संध्याकाळी आली होती, वकीलबाई फोनवर म्हणाल्या होत्या, नजर टाकून ठेवा. गेल्या वर्षभरात घरात कोण कधी उतरलं, तारखांनिशी. ती नजर टाकणार नव्हती, ती चोर पकडणार होती. वही उघडून तिने यादी शेजारी ठेवली आणि बोट खाली खाली नेत गेली, आणि गेल्या महिन्यात बोट थांबलं. अकरा ते एकोणीस — यादीत कुणीच नाही. घर बंद. वहीत? वहीत नऊच्या नऊ दिवस नोंद! सापडले! तिला हसूच आलं, खुर्चीतल्या खुर्चीत ती हलली. लपवले, बरोबर लपवले, नऊ दिवस लोक ठेवले आणि यादीतून गाळले — आता बोला म्हणावं. तिच्या अक्षरात स्वच्छ लिहिलेलं होतं. सायंकाळी सहा दहा, घरघर, वॉशिंग मशीन असावं, थांबून थांबून, चाळीस मिनिटं. सहा पाच, घरघर, पस्तीस मिनिटं. सहा, घरघर, थांबून थांबून…

मग तिने यादीचं पान उलटलं. मागे एक चिठ्ठी जोडलेली होती, कुलूपवाल्याची. दहा तारखेला कुणा पाहुण्याने किल्ली कुलपात मोडली, कुलूप बदललं, मालक गावाला असल्यामुळे नव्या कुलपाच्या तिन्ही किल्ल्या खालच्या शेजाऱ्यांकडे दिल्या, वीस तारखेला मालकांना मिळाल्या. खाली सही. ती सही तिने तीस वर्षं गॅसच्या पावत्यांवर, बँकेच्या कागदांवर, लग्नाच्या दाखल्यावर पाहिली होती.

"हो, माझ्याकडे होत्या," नवरा फोनवर म्हणाला, शांतपणे, मागे कुठेतरी त्याचा चमचा कपात फिरत होता. "दाढीच्या डब्यात ठेवल्या होत्या."

"नऊ दिवस?"

"जावई गावाला गेलेला ना. अगं, तुला सांगितलं असतं तर तू परत दिल्या असत्यास का? तमाशा झाला असता नुसता."

"वर कुणीच नव्हतं? कुणीच?"

"कसं असेल? किल्ल्या इथे. बरं वाटलं होतं मला, म्हटलं नऊ दिवस तरी तुला आराम." आणि मग, "का गं?"

तिने फोन ठेवला. का गं म्हणे! दाढीचा डबा न्हाणीघराच्या फळीवर असतो, तिच्या दात घासायच्या ब्रशशेजारी. रोज सकाळ-संध्याकाळ तिचा हात तिथून चार बोटांवरून गेला असेल. वर अंधार, धूळ, बंद कुलूप. आणि खाली ही पलंगावर आडवी पडून, हातात पेन, छताकडे बघत — सहा दहा, घरघर. नऊ फुल्या. तीन नाहीत, चार नाहीत… नऊ. ती चिडली आधी नवऱ्यावर, मग कुलूपवाल्यावर, मग त्या किल्ली मोडणाऱ्या अडाण्यावर, मग वकीलबाईंवर ज्यांनी वही ठेवायला सांगितली. आणि मग चिडायला कुणी उरलं नाही. बाहेर बाकावर पुढची रोगी खोकत होती.

नऊच आहेत. दोनशे चौदातल्या नऊ. पहाटेच्या बेल खऱ्या आहेत, त्या टॉवेलवाल्या बाईला मी या हातांनी टॉवेल दिलाय, जिन्याच्या पायऱ्यांच्या कडा तुटल्यात बॅगांनी, त्या कुणीही येऊन बघाव्यात! पण फेब्रुवारीतलं ते हसणं? ऑगस्टमधली खुर्ची? आणि पावलं, ज्या पावलांसाठी मी दोन वेळा उठून जिन्यात गेले आणि जिना रिकामा होता आणि मला वाटलं, आत शिरली वाटतं माणसं… कागद फाडायचा असतो. एकतीस वर्षं मी लोकांचे कागद फाडतेय, शांतपणे, वर हसून. प्रतिज्ञापत्रात लिहिलंय, सर्व नोंदी खऱ्या असून मी स्वतः, स्वतःच्या कानांनी ऐकलेल्या आहेत. स्वतःच्या कानांनी! दुसरं आहे काय माझ्याकडे? इतर बायकांकडे रूप असतं, गळा असतो, हाताला चव असते — माझ्याकडे हे दोन कान, त्यांच्यावर घर चाललं, त्यांच्यावर लोक विश्वास ठेवतात, आणि ते कान नऊ दिवस रिकाम्या घरातून आवाज आणत होते. शपथ घेतली तर खोटी. नाही घेतली तर दोन वर्षं पाण्यात, आणि पहाटे साडेपाचची बेल जन्माला पुरणार.

दोन रोगी तिने कसेबसे उरकले. तिसऱ्याला हेडफोन उलटे चढवले, डावा उजव्यावर. दोनला निघायचं तर दोन दहा झाले, आणि कोर्टाच्या पायऱ्या चढताना दरवानाने "डॉक्टर, इकडून या" म्हटलं तेव्हा तिच्या लक्षात आलं, की पांढरा कोट अंगावरच राहिलाय. वकीलबाई वरच्या बोळात दोन मोबाईल आणि तीन फायली सांभाळत उभ्या होत्या.

"नऊ नोंदी चुकीच्या आहेत," ती धापा टाकत म्हणाली. "त्या दिवसांत घर बंद होतं. किल्ल्या आमच्याकडेच होत्या."

"नऊच ना?" वकीलबाईंनी एका मोबाईलवर बोट फिरवलं. "चालायचंच."

"अहो, चालायचंच काय? मी शपथ घेणार आहे."

"त्यांच्या लक्षात आलंय का? नाही. दोनशे नोंदींचा ताळा कोण करत बसतो? आपण होऊन कशाला घोळ घालायचा? बसा तुम्ही. पाणी प्या. आणि कोट राहू द्या बरं का, चांगला दिसतोय."

बाकावर एकच जागा होती आणि तिच्या शेजारी ताई बसली होती. दोन वर्षांत ताई लहान झाली होती. काठी गुडघ्यांमध्ये धरलेली, चष्मा दोऱ्याने गळ्यात, आणि हात — ते हात मांडीवर रिकामे पडलेले बघायची सवय नव्हती तिला. उभं राहावं असं वाटलं. पण पाय दुखत होते, आणि उभं राहिलं तर तेही एक बोलणंच झालं असतं. ती बसली. दोघीही समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिल्या.

"खिसा उसवलाय," ताई म्हणाली.

तिने खाली पाहिलं. उजव्या खिशाचा कोपरा सुटून लोंबत होता, कधीपासून कोण जाणे. ताईचा हात आपोआप पुढे आला, दोन बोटांनी कापडाची कड चिमटीत धरली, उलटून बघितली. "दोरा कुजलाय. दे काढून, दोन टाके…" आणि मग हात जागच्या जागी थांबला. दोघींनाही एकदमच आठवलं, आपण कुठे बसलोय ते. ताईने कापड सोडलं, पण आधी सुरकुती नीट केली.

"राहू दे ताई. तू शिवतेस ना अजून?"

"कुठलं शिवतेय." ताईने काठीची मूठ फिरवली. "मशीन लेकीकडे नेलं, पण तिथे चालवू देत नाहीत. खालचे तक्रार करतात. आवाज होतो म्हणे. दोन वर्षं झाली, गॅलरीत चादर घालून ठेवलंय." ती जरा हसली, तिरकस, पूर्वीसारखी. "संध्याकाळी सहा वाजले की पाय हलतात गं नुसते. जावई म्हणतो, आई, तुम्हाला डॉक्टरकडे न्यायला हवं."

सहा वाजले की…

तिला वही उघडायची गरज नव्हती. घरघर, थांबून थांबून. वॉशिंग मशीन असं थांबत नाही, मूर्ख बाई. वॉशिंग मशीन एकदा लागलं की लागलं. थांबतं ते पायमशीन — कापड वळवायला, सुई वर करायला, दोरा दाताने तोडायला. चाळीस मिनिटं म्हणजे एक बाही. एकोणीस वर्षं ऐकलं, आणि नऊ दिवस वरून दुसरा कसलाही आवाज आला नाही तेव्हा ते हळूच पुन्हा सुरू झालं, आणि मी काय केलं? तक्रार नोंदवली. तिला रागच आला, की हे आता कशाला, या बोळात, या बाकावर, अडीचला पाच मिनिटं असताना. ताई, तुझ्याविरुद्धच्या वहीत तुझंच मशीन आहे — हे म्हणायचं कसं, आणि म्हटलं तर ते साक्षीत धरतात का?

"ताई…" ती म्हणाली, आणि शिपायाने दोघींची नावं पुकारली.

आत सगळं मिळून सहा मिनिटं लागली. न्यायाधीशांनी फाइल उघडली, ताईच्या वकिलाने एक कागद पुढे केला, न्यायाधीशांनी तो वाचला, चष्मा काढला, पुसला. पालिकेचं पत्र होतं. मसुदा अंतिम टप्प्यात आहे, दोन महिन्यांत नियम अपेक्षित आहे. "मग आज यात कशाला शिरायचं?" न्यायाधीश म्हणाले, आवाजात त्रास नव्हता, उलट कणवच होती. "नियम येऊ दे. त्यात हे बसतं का बघू. शपथ, नोंदी, सगळं तेव्हा घेऊ. आणि तुम्ही तर जुन्या शेजारणी दिसता. बोलून बघा की आपापसात."

"साहेब, माझ्या वहीत…" ती उभी राहिली होती. उभं राहायचं तिने ठरवलं नव्हतं. वही दोन्ही हातांनी छातीशी धरलेली, खिसा लोंबतोय, आणि तोंड उघडलेलं. पुढे काय म्हणणार होते मी? अजूनही मला माहीत नाही. वकीलबाईंनी कोटाची बाही ओढली.

"पुढच्या तारखेला, बाई," न्यायाधीश म्हणाले. अकरा आठवडे. "पुढचं."

बाहेर आली तेव्हा जावई ताईला हाताला धरून लिफ्टकडे नेत होता. ताईने मागे वळून पाहिलं, हाताने हवेत दोन टाके घातल्यासारखं काहीतरी केलं, की नुसताच हात हलवला. आणि लिफ्टचं दार मिटलं. दोन वर्षं! दोन वर्षं, दोनशे चौदा नोंदी, खरं बोलायचं की खोटं या विचाराने डोकं फुटायची वेळ, आणि कोर्टाला दोन्हीपैकी काही नको होतं. पालिका म्हणते कोर्ट, कोर्ट म्हणतं पालिका, वकील म्हणते चालायचंच, नवरा म्हणतो येतं आणि जातं. एकाही माणसाला माझं ऐकून घ्यायचं नाहीये. ती पायऱ्या इतक्या जोरात उतरली, की दरवानाने पुन्हा "डॉक्टर" म्हटलं आणि बाजूला झाला.

पाच वाजेपर्यंत ती कोर्टाभोवतीच्या रस्त्यांवरून चालत राहिली. घरी जायचं तर बस उजवीकडून होती. ती डावीकडच्या बसमध्ये चढली. यंत्र बंद करायचं राहिलंय, स्वतःला सांगितलं तिने; ते खरंही होतं. साडेपाचला बोळ रिकामा झालेला, बाकं उलटी करून ठेवलेली, लादी ओली. खोलीत यंत्र सकाळपासून चालूच होतं. तिने वही टेबलावर ठेवली. पेनही ठेवलं. नऊ नोंदी खोडायच्या, की नऊ सोडून बाकीच्या — हा विचार आला, आणि त्याच्या मागोमाग फार मोठा कंटाळा आला. मग तिने केबिनचं दार उघडलं आणि आत गेली आणि रोग्याच्या खुर्चीत बसली. एकतीस वर्षांत या खुर्चीत ती कधी बसली नव्हती. खुर्ची वाटली होती त्यापेक्षा खोल होती. दार ओढून घेतलं, तसं सगळं बंद झालं.

शांतता. पाहिजे होती ना? घे. तिने हेडफोन चढवले, बटण हातात घेतलं, अंगठा ठेवला. काचेपलीकडे तिची रिकामी खुर्ची, यंत्र, वही. सूर सोडायला तिथे कुणी नव्हतं. इथे आवाज येऊच शकत नव्हता, जगात कुठे येणार नाही इतका इथे येऊ शकत नव्हता. आधी स्वतःचा श्वास. मग कानातलं रक्त, ठक ठक. मग तेही मागे गेलं… पहाटेची बेल आठवली, पण आठवलीच फक्त, ऐकू नाही आली. बॅगांची चाकं — नाही. हसणं — नाही. ती थांबली. सहा वाजायला आले असतील. ताई आता गॅलरीत असेल, चादर घातलेल्या मशीनसमोर, पाय हलत असतील. आणि खालचे कान लावून बसले असतील, कुणी सांगावं, वही घेऊन.

काचेपलीकडे हिरवा दिवा लागला.

तिने अंगठ्याकडे पाहिलं. दाबलं कधी? आवाज आला होता का? आला होता, बारीक, लांबून, घरघर, मग थांबला. की नव्हता आला… फुली, ती म्हणाली. पण उठून फुली करायला ती गेली नाही. दिवा विझला. घाई करू नका, तिने स्वतःला सांगितलं, रोज सांगते तसंच, तोच आवाज, तेच शब्द, थांबा, आवाज आला नाही तरी चालेल — आणि वाक्य पुरं होतानाच तिला कळलं, की चालणार नाही. तो यायला हवा होता. ती खुर्चीत ताठ बसून राहिली, डोळे मिटून, अंगठा बटणावर.